युरोपात पहिल्यांदा गाडी चालवताय? फोन कुठे साथ देतो आणि कुठे नाही



आमच्या जतसारख्या तालुक्याच्या गावातूनही आता बरीच मुलं युरोपात जातात. कुणी जर्मनीत शिकायला, कुणी नोकरीला, कुणी बहीण-भावाकडे पंधरा दिवस फिरायला. जायच्या आधी ठरलेला प्रश्न येतो, ‘तिकडं गाडी भाड्यानं घेऊन आपण चालवू शकतो का? मॅप्स तर आहेच की फोनमध्ये!’

उत्तर आहे, हो, चालवू शकता. पण ‘मॅप्स आहेच की’ एवढ्यावर निघू नका. फोन तुम्हाला रस्ता दाखवतो, रस्त्याची रीत सांगत नाही. आपल्याकडे याची फार मोठी किंमत मोजून झाली आहे. जानेवारी २०२१ मध्ये नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोतूळजवळ, मॅप बघत रात्री निघालेली गाडी पाण्याखाली गेलेल्या पुलावर गेली आणि चालकाचा जीव गेला, अशा बातम्या आल्या होत्या. मॅपमध्ये रस्ता होता. रस्त्यावर पाणी आहे हे मॅपला माहीत नव्हतं. परक्या देशात मॅपला माहीत नसलेल्या अशा गोष्टी जास्त असतात, आणि त्या आपल्यालाही माहीत नसतात.

मी गाडी शिकलो ती जत-विजापूर रस्त्यावर. युरोपात पहिल्यांदा चालवली ती म्युनिकहून इटलीतल्या वेरोनापर्यंत, साधारण ४३० किलोमीटर. मामेभाऊ म्युनिकला नोकरीला आहे, तो शेजारी बसला होता. या लेखात तोच रस्ता उदाहरण म्हणून घेतो, कारण त्या एकाच रस्त्यावर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटली असे तीन देश लागतात आणि तिन्हींची टोलची पद्धत वेगळी आहे.

निघण्याआधी घरी बसून उरकायची कामं

पहिलं काम लायसन्सचं. भारतात डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स पोलिसांना दाखवलं की चालतं. युरोपात ते चालेल असं धरू नका. मूळ स्मार्ट कार्ड खिशात हवं आणि सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना हवा. यासाठी परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो. पासपोर्ट, व्हिसा आणि चालू लायसन्स लागतं, फी १,००० रुपये आहे आणि परवाना आपल्या भागाच्या आरटीओ कार्यालयातून मिळतो. त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. २०२२ पासून देशभर या परवान्याची पुस्तिका एकाच नमुन्याची झाली आहे आणि तिच्यावर क्यूआर कोडही असतो. पण हा परवाना म्हणजे तुमच्या लायसन्सचं एक प्रकारे अधिकृत भाषांतर आहे. तो एकटा चालत नाही, मूळ लायसन्स सोबत लागतंच.

जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिथे राहायला गेल्यावर भारतीय लायसन्स सहा महिनेच चालतं. त्यानंतर जर्मन लायसन्स काढावं लागतं आणि भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते.

दुसरं काम कार्डचं. गाडी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी नाकारलं जातं. यूपीआय हायवेवरच्या टोलला किंवा पंपावर मिळेल अशी आशा ठेवू नका. वय २५ पेक्षा कमी असेल तर अनेकदा जादा पैसे लागतात. गाडी दुसऱ्या देशात न्यायची असेल तर बुकिंग करतानाच तशी परवानगी घ्या.

तिसरं काम, भारतीय सिम बंद करू नका. रोमिंग चालू ठेवा. तिकडे बसून ऑनलाइन टोल भरताना बँकेचा ओटीपी याच नंबरवर येणार आहे. इंटरनेटसाठी वेगळं ई-सिम घ्या आणि फोनमध्ये दोन्ही एकदम चालवा. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा रोमिंग शुल्काशिवाय चालतं. पण स्वित्झर्लंड संघात नाही. तिकडे जाणार असाल तर ई-सिमच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आधीच बघा.

जीपीएसला नेट लागत नाही

हा गैरसमज अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे, म्हणून थोडं समजावून सांगतो. तुम्ही कुठे आहात हे फोनला उपग्रहांच्या सिग्नलवरून कळतं. अमेरिकेचे जीपीएस, युरोपचे गॅलिलिओ, रशियाचे ग्लोनास असे अनेक उपग्रह फोन एकाच वेळी ऐकतो. त्यासाठी नेट लागत नाही. नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि ट्रॅफिकची ताजी माहिती घ्यायला.

म्हणून वायफायवर असतानाच संपूर्ण मार्गाचा ऑफलाइन मॅप उतरवून ठेवा. मग आल्प्सच्या दऱ्यांत रेंज गेली तरी निळा ठिपका चालत राहतो. फक्त ट्रॅफिक दिसणार नाही. आणि बोगद्यात उपग्रहांचा सिग्नलही जातो. ऑस्ट्रियात आणि इटलीत लांबलचक बोगदे आहेत, आणि काही ठिकाणी बोगदा संपला की लगेच बाहेर पडायचा फाटा येतो. बोगद्यात शिरण्याआधी पुढचं वळण कोणतं ते बघून ठेवायचं.

आणखी एक सवय लावा. मॅपच्या बाईचे रस्त्यांचे उच्चार काही कळत नाहीत, त्यामुळे नाव ऐकू नका, नंबर बघा. आमच्या मार्गावर क्रम असा होता: ए ८, ए ९३, मग ऑस्ट्रियात ए १२ आणि ए १३, शेवटी इटलीत ए २२. हे पाच नंबर कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवले की अर्धं काम होतं. पाट्यांचे रंगही बघून घ्या. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात मोठ्या हायवेची पाटी निळी असते, इटलीत हिरवी.

स्टिअरिंग डावीकडे, पाय तेच

सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. खरं तर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम तोच आहे. बदलतात ते हात. गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो, तिथे डावीकडे. त्यामुळे पहिल्या दिवशी वळताना वायपर फिरतो. शक्य असेल तर ऑटोमॅटिक गाडी घ्या, पैसे थोडे जास्त जातात, पण एक काळजी कमी होते.

रस्त्याची बाजू लक्षात ठेवायला एक सोपी खूण आहे. भारतात चालक रस्त्याच्या मधल्या रेषेच्या बाजूला बसतो. तिकडेही तसाच. म्हणजे तुमच्या बाजूचं दार नेहमी दुभाजकाकडे आणि शेजारच्या सीटचं दार रस्त्याच्या कडेला. हे जमलं की बाजू बरोबर.

धोका भर ट्रॅफिकमध्ये कमी असतो, कारण पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं. धोका असतो तो रस्ता मोकळा असताना. सकाळी पंपावरून किंवा हॉटेलच्या पार्किंगमधून बाहेर पडताना, समोर एकही गाडी नसताना, हात जुन्या सवयीने डाव्या बाजूला वळवतात. प्रत्येक वेळी थांबून निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. शेजारच्यानेही म्हणायचं. हायवेवर चढताना दोन्ही बाजूंना लाल गोलात पांढरी आडवी पट्टी दिसली तर तिथून आत जायचं नाही. ती उलट्या दिशेची वाट आहे.

वळणांचंही उलटं होतं. आपल्याकडे डावीकडे वळणं सोपं आणि उजवीकडे वळताना समोरची वाहतूक आडवी येते. तिकडे डावीकडे वळणं अवघड. आपल्या ‘फ्री लेफ्ट’सारखं लाल सिग्नलला उजवीकडे निघून जायचं नाही. जर्मनीत सिग्नलशेजारी हिरव्या बाणाची छोटी पाटी असेल तरच, तेही पूर्ण थांबून, जाता येतं. चौकातल्या गोल बेटाला उजवीकडून शिरायचं आणि बहुतेक ठिकाणी आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पाटी-सिग्नल नसलेल्या गल्लीतल्या चौकात उजव्या हाताकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.

आणि डिपर! आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला तर अर्थ होतो, ‘मी येतोय, थांब.’ तिकडे चौकात डिपर मारला तर बऱ्याचदा अर्थ होतो, ‘तू जा आधी.’ आपल्या अर्थाने डिपर मारलात तर समोरचा गाडी पुढे काढेल आणि तुम्हीही. म्हणून पहिले काही दिवस डिपरला हात लावू नका. हॉर्नचंही तसंच. धोका असेल तरच.

गाडी ओरडते, घाबरू नका

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. कॅमेरा पाट्या वाचतो, नकाशाशी ताडून बघतो आणि मर्यादा ओलांडली की गाडी टिंग-टिंग करते किंवा ॲक्सिलरेटर जड होतो. बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती आपोआप चालू होते. भाड्याच्या गाड्या बहुधा नव्या असतात, त्यामुळे हा आवाज ऐकायची तयारी ठेवा. पण कॅमेराही कधी कधी शेजारच्या रस्त्याची पाटी वाचतो, म्हणून शेवटचा शब्द रस्त्यावरच्या पाटीचा.

दुसरी यंत्रणा लेनची. इंडिकेटर न देता लेन बदलायला गेलात तर स्टिअरिंग हातातच मागे ओढल्यासारखं होतं. आपल्याकडे इंडिकेटर न देता लेन बदलणारे पुष्कळ. अशा चालकाला पहिल्यांदा वाटतं गाडी बिघडली. बिघडलेली नसते. इंडिकेटर द्या, ती सोडून देते.

ऑटोबानवर वेग हा मुद्दाच नाही

‘जर्मनीत स्पीड लिमिट नाही’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच भागांत मर्यादा आहे, आणि जिथे नाही तिथेही १३० हा शिफारस केलेला वेग आहे. पांढऱ्या गोलावर काळ्या तिरक्या रेघा दिसल्या तर ‘आधीची बंधनं संपली’ एवढाच अर्थ. वेगाने जाच, असा नाही.

खरा नियम लेनचा आहे. उजवी लेन चालायची, डावी लेन फक्त ओव्हरटेकची. ओव्हरटेक झालं की परत उजवीकडे. उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. आपल्याकडे ट्रक निवांत ओव्हरटेकच्या लेनमधून जात राहतात आणि आपण वाट मिळेल तिथून काढतो. तिथे मागचा १८०-२०० ने येणारा माणूस तुम्ही नियम पाळणार या भरवशावर येत असतो. हिशेब करा. तुम्ही १३० ने चाललाय, मागचा २०० ने येतोय. दोघांतलं अंतर दर सेकंदाला १९ मीटरने कमी होतं. आरशात २०० मीटर लांब दिसणारा ठिपका दहा-अकरा सेकंदांत तुमच्या मागे असतो. म्हणून लेन बदलण्याआधी आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून मागे नजर आणि परत आरसा.

फोनचाही हिशेब याच भाषेत. १३० च्या वेगाने दोन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर गाडी ७२ मीटर जाते, म्हणजे क्रिकेटच्या साडेतीन पिचांएवढं अंतर डोळे मिटून. जर्मनीत गाडी चालवताना फोन हातात धरला तरी १०० युरो दंड आणि एक दोषगुण आहे. म्हणून फोन स्टँडवर किंवा केबलने गाडीच्या स्क्रीनला जोडून. पत्ता टाकणं, गाणं बदलणं ही कामं शेजारच्याची.

आमचा भाऊ शेजारी बसून एकच वाक्य म्हणत होता, ‘उजवीकडंच ऱ्हा, गडबड नाही.’ जर्मनीत ट्रकना हायवेवर ८० ची मर्यादा आहे. पहिली वीस मिनिटं एखाद्या ट्रकमागे भरपूर अंतर ठेवून चाललात तर कुणी काही म्हणत नाही. शिवाय रविवारी रात्री दहापर्यंत तिथे जड ट्रकना बंदी असते. सुट्ट्यांची गर्दी नसलेल्या एखाद्या रविवारची सकाळ हात बसवायला बरी.

तीन देश, तीन टोल

आपल्याकडे एक फास्टॅग लावला की देशभर काम होतं. युरोपात सगळ्या देशांना चालणारं असं काही नाही.

जर्मनीत कारला हायवेचा टोल नाही.

ऑस्ट्रियात ‘विग्नेट’ लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा रस्ता-पास. तो एक दिवस, दहा दिवस अशा मुदतीचा मिळतो आणि डिजिटल घेतला तर गाडीच्या नंबराशी जोडलेला असतो. भाड्याच्या गाडीचा नंबर ताब्यात आल्यावरच कळतो, म्हणून खरेदी गाडी घेतल्यानंतर आणि सीमेच्या आधी. आसफिनाग या सरकारी कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या मध्यस्थ साइट जादा पैसे लावतात. देश, नंबर आणि पास कोणत्या तारखेपासून लागू होतो, हे तीनदा तपासा. पास नसताना कॅमेऱ्यात सापडलात तर शंभर युरोंच्या वर भुर्दंड. शिवाय इन्सब्रुकनंतरच्या ए १३ वर, म्हणजे सुमारे १,३७० मीटर उंचीच्या ब्रेनर खिंडीकडे चढणाऱ्या रस्त्यावर, वेगळा टोल आहे. तो विग्नेटमध्ये येत नाही.

इटलीत तिकीट पद्धत. आत शिरताना मशिनमधून तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे. तिकीट हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यापासूनचे पैसे लागू शकतात. पिवळी ‘टेलेपास’ लेन त्यांच्या फास्टॅगवाल्यांची, तिथे जायचं नाही. कार्डची किंवा रोख पैशांची खूण बघून लेन धरा.

स्वित्झर्लंडमध्ये फक्त वर्षाचाच पास आहे, ४० फ्रँकचा. दोन तासांसाठी गेलात तरी तोच.

मॅप बरोबर असतो, तरी दंड बसतो

ही तीन उदाहरणं म्हणजे या लेखाचा गाभा.

एक, ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात सुट्टीच्या हंगामात शनिवार-रविवारी बाहेरगावच्या गाड्यांनी हायवे सोडून गावांतल्या रस्त्यांनी जायला अनेक ठिकाणी बंदी असते. २०१९ पासून हे चालू आहे. कारण हेच की मॅप ‘इथून गेलात तर सहा मिनिटं वाचतील’ सांगतो आणि हजारो गाड्या छोट्या गावात शिरतात. मॅपने वाट दाखवली तरी पाटीवर बंदी असेल तर हायवेवरच थांबून राहायचं. ए १२ वर हवेच्या प्रदूषणामुळे बऱ्याच अंतरात १०० चीच मर्यादा आहे, तीही पाळायची.

दोन, इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. वेरोनातही आहे. लाल कडेचा पांढरा गोल आणि खाली वेळा लिहिलेल्या असतात, शेजारी कॅमेरा. पोलीस अडवत नाही, फाटक नसतं. मॅप हॉटेलच्या दारापर्यंत नेईल, आणि दंड काही महिन्यांनी गाडीच्या कंपनीमार्फत तुमच्या घरी येईल, वर कंपनीचं स्वतःचं शुल्क. हॉटेलला आधी विचारा. अनेक हॉटेलं गाडीचा नंबर नोंदवून परवानगी काढून देतात. नाहीतर गाडी बाहेर लावा आणि चालत जा.

तीन, ‘पुढे स्पीड कॅमेरा आहे’ असं सांगणारं ॲप. आपल्याकडे ते सोयीचं वाटतं. जर्मनीत चालकाने अशी सूचना वापरायला कायद्याने बंदी आहे, स्वित्झर्लंडमध्ये तर फारच कडक. मॅप ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सूचना आधीच बंद करा.

अडचण आली तर

युरोपीय संघात सगळीकडे आपत्कालीन नंबर ११२. आपल्याकडेही तोच, त्यामुळे पाठ करायची गरज नाही. एप्रिल २०१८ पासून आलेल्या नव्या मॉडेलच्या गाड्यांत आरशाजवळ एसओएस बटण असतं. मोठा अपघात झाला तर गाडी स्वतःच ११२ ला फोन लावते आणि ठिकाण कळवते.

हायवेवर वाहतूक थांबायला लागली की जर्मनीत आणि ऑस्ट्रियात रुग्णवाहिकेसाठी मधे वाट मोकळी ठेवायची असते. सर्वात डाव्या लेनने डावीकडे सरकायचं, बाकी सगळ्यांनी उजवीकडे. सायरन ऐकू आल्यावर नाही, गाड्या थांबायला लागल्या की लगेच. मॅप लाल रेघ दाखवेल, हे सांगणार नाही.

गाडी बंद पडली तर कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, चमकदार जॅकेट घालूनच उतरा आणि कठड्याच्या पलीकडे उभे राहा. जॅकेट डिकीत नाही, हाताला येईल असं ठेवा. पेट्रोल संपून ऑटोबानवर थांबणं हाही तिथे गुन्हा धरला जातो, त्यामुळे काटा पावच्या खाली जाऊ देऊ नका. पंपावर स्वतःच भरायचं असतं. पेट्रोलची खूण गोलात असते, डिझेलची चौकोनात. तीच खूण टाकीच्या झाकणाच्या आत बघायची.

निघण्याच्या आदल्या रात्री हे तपासा

- मूळ लायसन्स, आंतरराष्ट्रीय परवाना, पासपोर्ट, चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड
- ऑफलाइन मॅप, ई-सिम, ओटीपीसाठी चालू असलेलं भारतीय सिम
- चार्जिंग केबल आणि फोनचा स्टँड
- मार्गातल्या प्रत्येक देशाची टोलची पद्धत आणि वेगमर्यादा, कागदावर
- मुक्कामाच्या शहरात गाडीला बंदी असलेला भाग आहे का, आणि पार्किंग कुठे
- गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ

आणि शक्य असेल तर विमानातून उतरल्या दिवशी गाडी घेऊ नका. झोप पूर्ण करा, दुसऱ्या दिवशी मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास गाडी फिरवा, वायपर आणि इंडिकेटर कुठे ते हाताला कळू द्या, मगच हायवेला लागा. तोपर्यंत ट्रेन आहेच, आणि ती चांगली आहे.